वीज केंद्राचा धूर आणि शेवाळाची तळी: वीस हेक्टरमध्ये नेमके काय साधते

प्रश्न थोडक्यात असा आहे: ५०० मेगावॅटच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राला लागून २० हेक्टर जागा मोकळी पडून आहे. तिथे सूक्ष्म शेवाळाची तळी करून धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड त्यात सोडला, तर केंद्राचे उत्सर्जन किती कमी होईल, आणि तळी बांधायची कशी?

आधी पहिल्या भागाचा हिशेब करू, कारण त्यावरच दुसरा भाग ठरतो.

वाळलेल्या शेवाळात वजनाने निम्मा कार्बन असतो. त्यामुळे एक किलो कोरडे शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. उघड्या तळ्यात वर्षभराची सरासरी वाढ दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम धरा. हा आकडा चांगल्या हवामानातला आणि चांगल्या देखभालीचा आहे. म्हणजे हेक्टरी वर्षाला ५५ टन शेवाळ आणि १०० टन कार्बन डायऑक्साइड. वीस हेक्टरपैकी बांध, रस्ते, पाइप, गाळण्याची जागा वजा जाता पाण्याचा पृष्ठभाग पंधरा हेक्टर मिळतो. म्हणजे १,५०० टन.

आता केंद्राकडे बघा. ५०० मेगावॅट, ८० टक्के भार, युनिटमागे ०.९५ किलो उत्सर्जन, असे धरले तर वर्षाला सुमारे ३३ लाख टन होतात, म्हणजे सरासरी ताशी ३८० टन. तळ्यांची वर्षभराची कमाई ही केंद्राच्या जेमतेम चार तासांच्या धुराइतकी आहे. सगळा धूर शेवाळाने खावा असे वाटत असेल तर ३३,००० हेक्टर, म्हणजे ३३० चौरस किलोमीटर पाणी लागेल. तळ्यांवर केंद्राच्या उत्सर्जनाचा भार टाकता येत नाही, हे प्रकल्प अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा. तसे न लिहिलेला अहवाल तिसऱ्या वर्षी अडचणीत आणतो.

ही कल्पना जुनी आहे. विल्यम ऑस्वाल्ड आणि क्लेरेन्स गोलुएके या अमेरिकी संशोधकांनी १९६० मध्ये तळी आणि वीजनिर्मिती जोडण्याचा आराखडा मांडला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात यावर मोठा कार्यक्रम चालवला. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला प्रत्येकी १,००० चौरस मीटरची तळी चालवली गेली. काही दिवशी तिथे चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत वाढ दिसली, पण वर्षाची सरासरी दहाच्या आसपास राहिली. कोणी वाढीचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारा: हा आकडा वर्षाचा आहे की उन्हाळ्यातल्या एका चांगल्या आठवड्याचा? आठवड्याच्या आकड्याला ३६५ ने गुणणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी लबाडी आहे.

मग बांधायचे कशाला? दोन कारणांनी परवडू शकते: शेवाळाचे विकण्याजोगे काही होत असेल, किंवा तळी सांडपाणी शुद्ध करत असतील. दुसरे कारण मला जास्त भक्कम वाटते. त्याकडे पुढे येतो.

निव्वळ हिशेब

एका हेक्टरचा एक दिवस घ्या. १५० किलो शेवाळ, २७५ किलो कार्बन डायऑक्साइड जमा. आता खर्चाची बाजू. पॅडलव्हील, म्हणजे तळ्यातले पाणी फिरवत ठेवणारे चाक, नीट बसवलेले असेल तर हेक्टरी अडीच किलोवॅट, म्हणजे दिवसाला ६० युनिट. धूर ढकलणारे ब्लोअर २५ युनिट. त्यानंतर काढणी. तळ्यात शेवाळाचे प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम असते, त्यामुळे १५० किलोसाठी ३०० घनमीटर पाणी गाळावे लागते. हे सगळे पाणी थेट सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगाने फिरवून शेवाळ वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढले तर घनमीटरमागे एक युनिट धरा: ३०० युनिट. एकूण वीज ४०० युनिटच्या घरात गेली, आणि त्याच केंद्राच्या विजेचे उत्सर्जन झाले ३८० किलो. २७५ किलो पकडायला ३८० किलो सोडले! शेवाळ हिरवेगार, तळी सुंदर, आणि हिशेब उणे.

तेच पाणी आधी गाळ बसवण्याच्या टाकीत घट्ट केले, अर्ध्या ग्रॅमवरून दीड टक्क्यावर आणले, तर सेंट्रिफ्यूजकडे फक्त दहा घनमीटर जाते. पंपांसकट काढणी ३० युनिटांत बसते. एकूण ११५ युनिट, म्हणजे ११० किलो. नायट्रोजन युरियातून दिला तर त्याच्या निर्मितीचे आणखी तीसेक किलो. हाती राहते १३५ किलो, म्हणजे पकडलेल्यातले निम्मे. तेव्हा प्रकल्पाचे भवितव्य वाढीच्या वेगापेक्षा काढणीवर जास्त ठरते. पैसा आणि डोके तिथे आधी लावा. ॲरिझोनात रेडहॉक वीज केंद्रावर ग्रीनफ्युएल टेक्नॉलॉजीजच्या प्रयोगात शेवाळ काढणीच्या क्षमतेपेक्षा वेगाने वाढले आणि हरितगृह थांबवावे लागले. ती कंपनी २००९ मध्ये बंद झाली.

वाळवण्याचा खर्च वर धरलेलाच नाही. वीस टक्के घट्टपणाच्या लगद्यात एक किलो शेवाळामागे चार किलो पाणी असते. ते उडवायला नऊ-दहा मेगाज्यूल लागतात, आणि शेवाळाची स्वतःची ऊर्जा वीस मेगाज्यूलच्या आसपास. म्हणून वाळवायचेच असेल तर धुराची वाया जाणारी उष्णता वापरा, नाहीतर ओलेच पुढे पाठवा.

धूर तळ्यापर्यंत आणताना

कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो. वायूवर चालणाऱ्या टर्बाइनच्या धुरात तो ३ ते ५ टक्केच असतो. पंधरा हेक्टरला भर दुपारी ताशी साधारण ०.६५ टन शोषला जाईल. शोषणाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ताशी सहा ते साडेसहा हजार घनमीटर धूर ओढावा लागेल. केंद्राच्या दृष्टीने ही चिमूटभर बाजूधार आहे, त्यामुळे बॉयलरच्या चालण्यावर परिणाम होत नाही.

धूर गंधक काढणाऱ्या एफजीडी यंत्रणेच्या नंतरच घ्या. इस्रायलमध्ये अश्कलोनच्या कोळसा केंद्रावर सीअँबायोटिक या कंपनीने असाच शुद्ध केलेला धूर वापरला होता. एफजीडी नसेल तर काय होते ते बघा. धुरात ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) सल्फर डायऑक्साइड असेल तर एक टन शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमागे तळ्यात सुमारे १४ किलो सल्फर डायऑक्साइड उतरतो, कारण तो जवळपास सगळा विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र चाळीस टक्केच. तो मारायला ३७ किलो सोडियम बायकार्बोनेट लागते, आणि सल्फेट साठत जाते ते वेगळेच. पीएच सांभाळला नाही तर एका रात्रीत तळे आंबते. नायट्रिक ऑक्साइडची तेवढी भीती नाही. तो पाण्यात फारसा विरघळतच नाही, तसाच निघून जातो. जो विरघळतो तो शेवाळाला खत म्हणून थोडाफार चालतो.

ओल्या एफजीडीनंतरचा धूर ५० ते ६० अंशांवर आणि वाफेने भरलेला असतो. तो ४० अंशांपर्यंत थंड करा, मगच एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपमध्ये घाला. थंड होताना पाणी सुटते आणि ते आम्लयुक्त असते. पाइपला उतार द्या आणि प्रत्येक खालच्या टोकाला पाणी काढण्याची कुंडी ठेवा. ती नसली की पाणी साठून पाइप अर्धा भरतो, दाब वाढतो, आणि दूरच्या तळ्यांना वायू पोचत नाही. मग लोक ब्लोअर बदलतात. साधे पोलाद या पाइपमार्गात कुठेच नको, अगदी नट-बोल्टसुद्धा नको.

वायू पाण्यात मुरवणे

२५ सेंटिमीटर खोल तळ्याच्या तळाशी नळ्या टाकून बुडबुडे सोडणे ही नेहमीची चूक. बुडबुडा पृष्ठभागावर यायला सेकंदभर लागतो, आणि बहुतेक वायू हवेत जातो. त्यासाठी वाहत्या पाण्याच्या वाटेत दीड मीटर खोल खड्डा, म्हणजे सम्प, करा. मध्ये उभी भिंत घाला, म्हणजे पाणी एका बाजूने खाली जाईल आणि दुसऱ्या बाजूने वर येईल. डिफ्यूझर, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणारे तोंड, पाणी खाली जाणाऱ्या बाजूला बसवा. बुडबुडे वर येऊ पाहतात, पाणी खाली ढकलते, त्यामुळे ते जास्त वेळ पाण्यात राहतात. शुद्ध कार्बन डायऑक्साइडला अशा सम्पात ८० ते ९० टक्के शोषण मिळते. धुराला ते मिळत नाही, कारण बुडबुड्यातला बहुतांश भाग नायट्रोजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड विरळ होत जातो.

डिफ्यूझरवर जैविक थर, कॅल्शियम कार्बोनेट आणि राखेचा चिखल बसतो. बारीक छिद्रांच्या दगडी डिफ्यूझरपेक्षा रबरी पडद्याचे बरे: दाब वाढवला की पडदा ताणतो आणि साल गळून पडते. डिफ्यूझरची फ्रेम तळे न रिकामे करता वर उचलता यायला हवी. आराखड्यात ही सोय हमखास राहून जाते.

वायू घड्याळावर सोडू नका, पीएचवर सोडा. शेवाळ कार्बन खाते तसा पीएच चढतो. क्लोरेला किंवा सिनेडेस्मस या शेवाळांसाठी ८.० ला व्हॉल्व्ह उघडावा आणि ७.५ ला बंद व्हावा. त्याखाली नेलात तर वायू तळ्याच्या पृष्ठभागावरून परत हवेत उडतो. म्हणूनच सम्पात आत गेलेला वायू वजा बाहेर आलेला, असे मोजून “पकडला” म्हणणे खोटे आहे. पुढच्या शंभर मीटरच्या वाहण्यात त्यातला किती उडाला हे त्या आकड्यात दिसत नाही. खरा आकडा एकच: काढलेल्या शेवाळातला कार्बन. तोही राख वजा करून मोजा. कोरड्या वजनात उडती राख आणि चुना धरला तर उत्पादन फुगून दिसते.

रात्रीचा प्रश्न इथेच येतो. अंधारात प्रकाशसंश्लेषण नाही, केंद्र मात्र चालूच. साध्या पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, लिटरला २ मिलिइक्विव्हॅलंट असेल तर पीएच ७ ते ८ या पट्ट्यात चौरस मीटरला साडेचार ग्रॅम वायूच साठतो. कडक उन्हात तो दोन तासही पुरत नाही. पण क्षारता ५० पर्यंत नेली आणि पीएच ९ ते १० मध्ये खेळवला, तर तेवढ्याच पाण्यात ११० ग्रॅम साठतो, म्हणजे चार दिवसांची शिदोरी. मग रात्रीही धूर घेता येतो: कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, आणि दिवसा शेवाळ ते परत फिरवते. स्पिरुलिना या खाद्य शेवाळाला असेच पाणी आवडते. त्याच्या प्रचलित झारूक माध्यमात, म्हणजे पोषक द्रावणात, तर लिटरला १६.८ ग्रॅम बायकार्बोनेट असते. हवाईत सायनोटेक ही कंपनी स्वतःच्या वीजनिर्मितीचा वायू स्पिरुलिनाला देत असे, ते याच जातीच्या जोरावर. पीएच उंच असल्याने भक्षक जीवही कमी येतात. अडचण एवढीच की कोळशाच्या धुरातले पारा, आर्सेनिक, सेलेनियम शेवाळात उतरतात. खाण्यासाठी विकायचे असेल तर कोळशाचा धूर वापरू नका, हे माझे स्पष्ट मत आहे.

तळे

लांबट गोल रेसवे, प्रत्येकी पाव ते अर्धा हेक्टर. मोठे एकच तळे करू नका. संसर्ग झाला की सगळेच जाते. खोली २० ते ३० सेंटिमीटर. तळ लेझर लेव्हलने सपाट करा, कारण २५ सेंटिमीटर पाण्यात तीन सेंटिमीटरचा उंचवटा म्हणजे प्रवाहाला अडथळाच. एक ते दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई अस्तर. त्याखालची हवा निघून जायला वाट हवी, नाहीतर अस्तर फुग्यासारखे वर येते.

प्रवाहाचा वेग सेकंदाला २० ते २५ सेंटिमीटर. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे वेग दुप्पट केला की वीज आठपट. “जरा जोरात फिरवू या” म्हणणाऱ्या ऑपरेटरला हा आकडा दाखवा. रात्री वेग कमी केला तरी चालतो, पण पूर्ण बंद करू नका. शेवाळ तळाशी बसते, कुजते, आणि सकाळी ऑक्सिजन शून्यावर असतो. वळणांवर प्रवाह वळवणाऱ्या वक्र पट्ट्या बसवा. त्या नसतील तर आतल्या कडेला मृत कोपरा तयार होतो आणि तिथला काळा गाळ पुढे सगळ्या तळ्याला त्रास देतो.

पाणी उडते त्याचा विचार कमी होतो. रोज ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर पंधरा हेक्टरला ९०० घनमीटर. भरपाईच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असतील तर तळ्यात रोज १२ मिलिग्रॅम वाढतात, शंभर दिवसांत सव्वा ग्रॅम. थोडे पाणी नियमित बाहेर सोडावेच लागते, आणि त्याची विल्हेवाट आधी ठरवावी लागते.

खत, म्हणजे सांडपाणी

कोरड्या शेवाळात साडेसहा टक्के नायट्रोजन आणि एक टक्क्याच्या आसपास फॉस्फरस. पंधरा हेक्टरचे सव्वादोन टन शेवाळ रोज १५० किलो नायट्रोजन मागते. युरियाने भागवले तर सव्वातीनशे किलो रोज. पण घरगुती सांडपाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर ३,३०० घनमीटर सांडपाण्यात तेवढा नायट्रोजन फुकट मिळतो, बाष्पीभवनही भरून निघते, आणि पाणी तळ्यात अकरा दिवस राहते. ते पुरेसे आहे.

इथे धुराचा खरा उपयोग होतो. सांडपाण्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन कमी असतो. शेवाळ कार्बन संपवते, पीएच ९ च्या वर जातो, अमोनियमचा मुक्त अमोनिया होतो, आणि त्याने शेवाळच मंदावते. धूर सोडून पीएच ८ च्या खाली धरला की नायट्रोजन हवेत न जाता शेवाळात जातो. शिवाय शेवाळ-जिवाणूंचे एकत्र गठ्ठे बनतात, ते आपोआप खाली बसतात, आणि काढणीचा खर्च उतरतो. नेहमीच्या शुद्धीकरणात हवा मारायला लागणारी वीज वाचते ती वेगळी. ही वाचलेली वीज कार्बनच्या हिशेबात धरा. बहुतेक वेळा पकडलेल्या वायूपेक्षा तीच मोठी निघते.

मिळालेल्या शेवाळाचे बायोगॅस केले तर किलोला पाव घनमीटर मिथेन धरून रोज साडेपाचशे घनमीटर, आणि इंजिनमधून सुमारे १,९०० युनिट. पंधरा हेक्टरचा खर्च ११५ गुणिले १५, म्हणजे १,७२५ युनिट. तळी स्वतःची वीज कशीबशी भागवतात. शेवाळात नायट्रोजन जास्त असल्याने पाचकात, म्हणजे बायोगॅसच्या टाकीत, अमोनिया साठतो. कागदाचा लगदा किंवा काडीकचऱ्यासारखे कार्बनयुक्त काही मिसळा.

शेवाळाचे तेल काढून इंधन करण्याचा मोह टाळा. तेल वाढवायला नायट्रोजन तोडावा लागतो, आणि तोडला की वाढ थांबते. शिवाय इंधन जळाले की कार्बन परत हवेत. तो साठवलेला नसतो, एक फेरी जास्त मारलेला असतो. फायदा असलाच तर जे खनिज इंधन जळायचे टळले त्याचा.

तळे बसते तेव्हा

शेवाळ मरू लागले की हिरव्याचे पिवळट-तपकिरी व्हायला दोन-तीन दिवस पुरतात, म्हणून रोज सकाळी सूक्ष्मदर्शक. रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव, दिसले आणि मिलिलिटरला पाच-दहाच्या वर जाऊ लागले तर थांबू नका. अमोनियम असलेल्या तळ्यात दोन-तीन तास वायू बंद करून पीएच चढू द्या. मुक्त अमोनियाने रोटिफर आधी मरतात, शेवाळ टिकते. कायट्रिड बुरशी लागली तर हे चालत नाही. ते तळे काढा, अस्तर क्लोरीनने धुवा, आणि राखीव कल्चरने, म्हणजे जपून ठेवलेल्या जिवंत शेवाळाने, पुन्हा सुरू करा. त्यासाठी एकूण क्षेत्राच्या दोन-तीन टक्के बंदिस्त बीज-कल्चर कायम जिवंत ठेवावे लागते. बीज वाढवताना प्रत्येक टप्पा दहापटीच्या आत, आणि सुरुवातीचे प्रमाण लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा कमी नको. पातळ सुरुवात केली की ऊन शेवाळाला भाजते आणि परकी जात पुढे जाते.

दुपारी विरघळलेला ऑक्सिजन संपृक्ततेच्या अडीचपट-तिप्पट गेला तर वाढ खाली येते. तेव्हा पॅडलव्हीलचा वेग थोडा वाढवा किंवा सम्पात साधी हवा सोडा. रोज काढणी साधारण एक-अष्टमांश पाण्याची करा, आणि ती संध्याकाळी. रात्रीच्या श्वसनात दिवसाच्या कमाईचा दहा ते पंचवीस टक्के भाग जळतो, तो जळण्याआधी बाहेर काढलेला बरा.

सुरुवात

पंधरा हेक्टर एकदम खणू नका. आधी १०० चौरस मीटरची तीन तळी, खरा धूर, खरे सांडपाणी, पूर्ण एक वर्ष, पावसाळ्यासकट. मग अर्ध्या हेक्टरचे एक तळे, काढणीच्या पूर्ण साखळीसह. या टप्प्यावर प्रत्येक मोटरला वेगळा मीटर लावा. निव्वळ कार्बन एकूणाच्या ४० टक्क्यांखाली आला तर विस्तार थांबवून काढणी सुधारा.

सम्पात उतरणाऱ्यांसाठी एक नियम लिखित ठेवा. धूर हवेपेक्षा जड होऊन खड्ड्यात साठतो. त्यात ऑक्सिजन पाच-सहा टक्के आणि कार्बन डायऑक्साइड तेरा टक्के असतो, आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वायूचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावणे, पंख्याने हवा मारणे, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणे, वर दोर धरलेला दुसरा माणूस उभा करणे, यातले एकही राहिले असेल तर खाली उतरू देऊ नये. डिफ्यूझरची फ्रेम वर उचलता येण्याची सोय मुख्यतः याचसाठी हवी.